यात्रिकक्रमण

यात्रिकक्रमण : जॉन बन्यन (१६२८–८८) या इंग्रज धर्मोपदेशकाच्या ‘द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या ख्रिस्ती रूपककथेचा मराठी अनुवाद. अनुवादक हरि केशवजी, प्रकाशन १८४१. पहिली मराठी कादंबरी म्हणून ओळखली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. तिच्या सोळा वर्षे आधी दीर्घ गद्यकथा मराठीत आणणारे पुस्तक म्हणून कादंबरीच्या पूर्वेतिहासात ‘यात्रिकक्रमणा’चा उल्लेख होतो. मूळ ग्रंथ मोठ्यांच्या आत्मिक हितासाठी लिहिलेला. त्यातल्या राक्षसांमुळे आणि लढायांमुळे पुढे मुलांनी तो आपलासा केला.

ग्रंथकार : बन्यनचा जन्म बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावचा. भांड्यांना डाग देणे हा त्याचा वडिलोपार्जित धंदा, शिक्षण बेताचे. अधिकृत चर्चची परवानगी नसताना प्रवचने केल्याबद्दल १६६० मध्ये त्याला अटक झाली. प्रवचन करणार नाही असे कबूल केले असते, तर तो सुटला असता. त्याने ते नाकारले आणि सुमारे बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात काढली. ग्रंथाचा पहिला भाग १६७८ मध्ये आणि दुसरा १६८४ मध्ये निघाला. पुढे जगातील दोनशेहून अधिक भाषांत त्याचे अनुवाद झाले.

कथानक : सारी कथा निवेदकाला पडलेले स्वप्न आहे. नाश ठरलेल्या नगरात राहणारा ख्रिश्चन नावाचा माणूस पाठीवर ओझे घेऊन स्वर्गनगरीकडे निघतो. वाटेत तो नैराश्याच्या दलदलीत रुततो. पुढे क्रूसापाशी पोहोचताच पाठीवरचे ओझे आपोआप सुटते आणि गडगडत जाऊन एका कबरीत दिसेनासे होते. अपॉलियन या राक्षसाशी तो अर्ध्या दिवसाहून अधिक काळ झुंजतो. पोकळ वैभवाच्या बाजारात त्याचा सोबती फेथफुल याच्यावर खटला चालतो आणि त्याला जाळून मारले जाते. शेवटी होपफुल या दुसऱ्या सोबत्याबरोबर ख्रिश्चन मृत्यूची नदी ओलांडून नगरीत प्रवेश करतो. दुसऱ्या भागात त्याची पत्नी ख्रिश्चियाना आणि चार मुलगे त्याच वाटेने येतात.

रूपक आणि अद्भुत : ओझे म्हणजे पाप, नदी म्हणजे मृत्यू, अर्थ उघड आहे. पात्रांची नावेच त्यांचे गुणदोष सांगतात. तरीही ग्रंथ नीतिपाठासारखा कोरडा होत नाही, कारण कल्पनेला बन्यन ठसठशीत शरीर देतो. अपॉलियनला माशाचे खवले, ड्रॅगनचे पंख, अस्वलाचे पाय आणि सिंहाचे तोंड आहे. संशयाच्या किल्ल्याचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. रस्ता खडबडीत म्हणून ख्रिश्चन आणि होपफुल शेजारच्या कुरणातल्या सोप्या पायवाटेला लागतात, चुकतात आणि निराशा नावाच्या राक्षसाच्या तावडीत सापडतात. बुधवारपासून शनिवारपर्यंत ते अन्नपाण्यावाचून अंधारकोठडीत पडून असतात. बायकोच्या सल्ल्याने राक्षस त्यांना सोट्याने बडवतो आणि आत्महत्या करा म्हणून सांगतो. शनिवारी मध्यरात्री दोघे प्रार्थनेला बसतात. पहाटेच्या सुमारास ख्रिश्चनला आठवते, की अभिवचन नावाची किल्ली आपल्या छातीशीच आहे. बाहेरच्या लोखंडी दरवाजाचे कुलूप मोठ्या मुश्किलीने उघडते, दरवाजा करकरतो, राक्षस जागा होतो. पण ऐन वेळी त्याला झटका येतो आणि त्याचे हातपाय लुळे पडतात. देवाचे अभिवचन निराशेतून सोडवते, हा या प्रसंगाचा अर्थ. मात्र तो न कळलेले मूलही करकरणाऱ्या दरवाजापाशी श्वास रोखून धरते.

मराठी परंपरेतील स्थान : रूपक मराठी वाचकाला नवे नव्हते. एकनाथांच्या भारुडांत विंचवाचा दंश हा कामक्रोधाचा दंश असतो. ख्रिस्ती कथाही मराठीत जुनीच होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोमंतकात राशोल येथे छापले गेले. ‘यात्रिकक्रमणा’चे नावीन्य पुस्तकभर चालणाऱ्या गद्यकथेत होते: एक नायक, एक प्रवास आणि प्रसंगातून निघणारा पुढचा प्रसंग. तीर्थयात्रेची कल्पनाही ओळखीची, पण तिची घडण वेगळी. वारकरी दिंडीसोबत चालतो आणि पंढरपूरहून घरी परततो. ख्रिश्चन मात्र हाका मारणाऱ्या बायकामुलांकडे पाठ फिरवून, कानांत बोटे घालून धावत सुटतो. त्याला परतीची वाट नाही. दुसऱ्या भागातली बायकामुलांची, वाटेत माणसे जोडत जाणारी यात्रा दिंडीच्या अधिक जवळची आहे. ‘यमुनापर्यटना’तही प्रवासाचीच चौकट आहे. मात्र तिथे वाटेत राक्षस नाहीत, खऱ्याखुऱ्या विधवांची दुःखे भेटतात. पहिल्या मराठी कादंबरीने धर्मप्रचाराचा हेतू ठेवला, पण अद्भुत सोडून वास्तवाची वाट धरली.

बालसाहित्यातील वारसा : लुइझा मे ऑल्कटच्या ‘लिटल विमेन’ (१८६८) या कादंबरीतल्या बहिणी लहानपणी पाठीला गाठोडी बांधून तळघरापासून घराच्या माथ्यापर्यंत यात्रेचा खेळ खेळलेल्या असतात. सी. एस. लुइस याने १९३३ मध्ये ‘द पिल्ग्रिम्स रिग्रेस’ हे रूपक लिहिले. नावातच बन्यनचे ऋण आहे. पुढे ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’पासून (१९५०) सुरू झालेल्या सात नार्निया कादंबऱ्यांत त्याने निराळी रीत अवलंबली. तिथे असलान हा सिंह फितूर झालेल्या एडमंड या मुलाऐवजी स्वतः मरण पत्करतो आणि पुन्हा जिवंत होतो. ख्रिस्ताशी असलेले साम्य स्पष्ट असूनही लुइसला ‘रूपक’ हा शब्द मान्य नव्हता. १९५८ मधील एका पत्रात त्याने बन्यनच्याच राक्षसाचा दाखला दिला: तो राक्षस जशी निराशा दाखवतो, तसा असलान देवत्व दाखवत असता तर ते रूपक झाले असते. प्रत्यक्षात, नार्नियासारखे जग खरोखर असते तर तिथे ख्रिस्त कोणत्या रूपात आला असता, या कल्पनेतून असलान घडला आहे.

बन्यनकडे अर्थ आधी ठरतो आणि अद्भुत त्याला देह पुरवते. लुइसकडे अद्भुत जग आधी उभे राहते आणि अर्थ त्या जगाच्या नियमांतून उलगडतो. ख्रिस्ती आशयाच्या बालकादंबरीतील या दोन प्रमुख रीती होत. त्यांपैकी पहिली मराठीत १८४१ मध्येच येऊन पोहोचली होती.