आगानो नदीतील मासे आणि पुराव्याची जबाबदारी

पाऱ्याच्या विषबाधेचा विषय निघाला की मिनामाताचे नाव घेतले जाते. मिनामाता हे जपानमधील समुद्रकाठचे गाव. तेथील आजाराची अधिकृत नोंद मे १९५६ मध्ये झाली. मात्र १९६५ मध्ये हाच आजार निइगाता प्रांतात, आगानो नदीच्या काठी पुन्हा आढळला. या वेळी कारण होते नदीतील गोड्या पाण्याचे मासे. पहिली घटना माहीत असताना दुसरी का घडली, हे या पाठात पाहू.

पार्श्वभूमी

१९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी मिनामाताच्या आजाराचे कारण सेंद्रिय पारा असल्याचे सांगितले. चिस्सो कंपनीने ते नाकारले आणि सरकारनेही १९६८ पर्यंत ते अधिकृतपणे मान्य केले नाही. दरम्यान, आगानोच्या मुखापासून सुमारे ६० किमी वर, कानोसे येथे शोवा देन्को कंपनीचा कारखाना चालूच होता. तेथेही ॲसिटिलीनपासून ॲसिटाल्डिहाइड तयार करण्यासाठी पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जाई. या प्रक्रियेत थोडा मिथिल पारा तयार होतो. तो सांडपाण्याबरोबर नदीत जात होता.

माशातून माणसात

मिथिल पारा सूक्ष्म जीवांतून लहान माशांत आणि त्यांच्यातून मोठ्या माशांत जातो. प्रत्येक टप्प्यावर त्याचे प्रमाण वाढते. तो माशाच्या मांसातील प्रथिनांना बांधला जातो, त्यामुळे मासा धुऊन, उकळून किंवा तळून तो निघत नाही. चवीतही फरक पडत नाही. नदीवर पोट असलेल्या कुटुंबांच्या जेवणात हेच मासे असत. हातपाय बधिर होणे, तोल जाणे, दृष्टीचे क्षेत्र आकसणे ही रुग्णांची मुख्य लक्षणे होती. निइगातात पुढे सुमारे ७०० जणांना अधिकृतपणे रुग्ण ठरवण्यात आले.

केस महिन्याला सुमारे १ सेंमी वाढतात आणि रक्तातील पारा त्यांत उतरतो. म्हणून निइगातात लोकांच्या केसांची तपासणी झाली. ज्या स्त्रियांच्या केसांत पारा जास्त आढळला, त्यांना गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला गेला. मिनामातात जन्मतः बाधित मुलांची संख्या अनेक दशकांत मोजावी लागली. निइगातात अधिकृत नोंद एकाच बालकाची आहे. मात्र त्या स्त्रियांना मूल होऊ न देण्याची किंमत मोजावी लागली, हेही लक्षात ठेवावे.

न्यायालयातील वाद

जून १९६४ च्या भूकंपात गोदामांतील कीटकनाशके नदीत गेली आणि त्यांतूनच पारा आला, असे कंपनीचे म्हणणे होते. १९६७ मध्ये रुग्णांनी दावा दाखल केला. २९ सप्टेंबर १९७१ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. न्यायालयाची भूमिका थोडक्यात अशी: प्रदूषणाचा माग कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचला की पुढचा पुरावा रुग्णांनी आणायचा नाही. आत काय घडते याची माहिती कंपनीकडेच असते. म्हणून आपण प्रदूषण केले नाही, हे तिनेच सिद्ध करावे.

भारताशी संबंध

तामिळनाडूत पालार नदीच्या खोऱ्यातील चर्मोद्योगाच्या सांडपाण्याबाबत १९९६ मध्ये वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम या खटल्याचा निकाल लागला. कातडी कमावताना क्रोमियमचे क्षार वापरतात. उद्योग पर्यावरणाला अपायकारक नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी उद्योजकावर आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने त्यात मान्य केले.

तुमच्यापैकी अनेक जण उद्या कारखान्यात नोकरीला लागतील. सांडपाण्याच्या नोंदवहीवर तुमची सही असेल. कानोसेच्या कारखान्यातही पाण्यात काय जाते हे तपासण्याची सोय अभियंत्यांकडेच होती. नदीकाठच्या मच्छीमाराकडे ती नव्हती.

स्वाध्याय

१. १९५९ मधील संशोधन वेळीच मान्य झाले असते, तर कानोसे येथे कोणते बदल करता आले असते?
२. पुराव्याची जबाबदारी उद्योगावर टाकणे योग्य आहे का? कारणांसह लिहा.