उकिरड्याची दैना

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि लक्ष्मी म्हणून तिच्या पाया पडतो. हा मान केर काढणारीचा झाला. काढलेल्या केराचे काय? त्याची आठवण सणासुदीला कोण ठेवतो? परंतु माझ्या आजोळी दिवाळीत एक पणती उकिरड्यावरही नेऊन ठेवीत. लहानपणी मला याचे मोठे हसू येई. जेथून नाक धरून जायचे, तेथे दिवा कशाला? आजीला विचारले तर ती एवढेच म्हणे, "त्याचं खातो आपण." या तीन शब्दांचा अर्थ कळायला मला पुष्कळ वर्षे लागली आणि आमच्या घरचा एक बैल त्यापायी गेला. ती हकीकत ओघाने येईलच.

माझे आजोळ ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या आसपासचे. म्हसा म्हटले की त्या मुलखातल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती पौष पौर्णिमेची म्हसोबाची जत्रा. भात झोडून कणगीत पडलेले असते, हाती चार पैसे खुळखुळत असतात, थंडी अंगाला झोंबत असते. अशा वेळी तेथे गुरांचा मोठा बाजार भरतो, घोंगड्यांच्या चळती लागतात. बैल घेऊन आणि घोंगडी पांघरून माणसे घरोघर परततात. जत्रेतून घरी आलेले नवे सगळ्यांना दिसते. त्याच घरातून जुने कोणत्या वाटेने जात असे, हे मात्र कोणी फारसे पाहिले नाही. आज आपल्याला त्या वाटेने थोडे चालायचे आहे.

घोंगडीचेच पाहा. नवी असताना ती पाहुण्यासाठी अंथरली जाई. जरा जुनी झाली की घरातली माणसे पांघरीत. आणखी विरली की तिची खोळ करून पावसात शेतावर नेत. भोके पडली की तिचा तुकडा बैलाच्या पाठीवर जाई, आणि अगदी चिंधोटी झाली म्हणजे उकिरड्यात. तेथे लोकर कुजे आणि खाचरात जाऊन भाताच्या उपयोगी पडे. लुगड्याची कथा तर याहून लांब. आजीचे नऊवारी लुगडे फाटले की त्याचा धड भाग निघे, त्याची नातवंडांना झबली होत. उरलेले थरावर थर घालून गोधडी शिवली जाई. गोधडी जीर्ण झाली की तिचे पोतेरे होई आणि शेणाने जमीन सारवायला ते उपयोगी पडे. एखादी मऊ सुती चिंधी वळून तिची वात होई आणि देवापुढे जळे. असे एक लुगडे घरात वीस-वीस वर्षे निरनिराळ्या नावांनी नांदत असे.

तांब्या-पितळेला तर मरणच नव्हते. भांड्याचे आतले कथील उडाले की कल्हईवाला दारात भाता लावी. नवसागराचा धूर निघे आणि भांडे चांदीसारखे होई. भांडे फुटलेच, तर ते मोड म्हणून तांबटाकडे जाई. तो मोड तोलून घेई आणि घडणावळ तेवढी घेऊन नवे भांडे देई. शहरात बोहारणी जुन्या कपड्यांवर भांडी देत आणि घासाघीस करता करता दुपार रंगवीत. चुलीतली राख भांडी घासायला लागे. कडधान्यात मिसळून ठेवली तर किडीपासून त्याचे रक्षण करी. भाज्यांची देठे-साले आणि तांदळाचे धुवण गोठ्यात जाई. यातून जे उरे ते उकिरड्यात.

आणि उकिरडा म्हणजे तरी शेतकऱ्याची ठेवच. शेण, गोठ्यातला झाडलोटीचा केर, पालापाचोळा वर्षभर तेथे साठे. भातशेतीच्या या मुलखात राब करण्याची जुनी चाल आहे. रोपांसाठी निवडलेल्या जमिनीवर शेण, पाला, गवत आणि झाडांच्या डहाळ्या यांचे थर पसरायचे, वर थोडी माती टाकायची आणि पावसाळ्यापूर्वी ते पेटवून द्यायचे. तणाचे बी जळते, राखेचे खत मिळते आणि रोप जोमाने उठते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने जंगले राखीव केली. तेव्हा राबाच्या डहाळ्यांच्या हक्कावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला, की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. शहरातल्या साहेबाला जो नुसता पाला वाटत होता, तो शेतकऱ्याच्या लेखी पुढच्या वर्षीचा भात होता.

याच मुरबाड तालुक्याच्या पूर्व अंगाला, वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची वाट वर चढते. सातवाहनांचा शिलालेख आणि तो प्रसिद्ध दगडी रांजण तेथेच आहे. त्या वाटेने कोकणातला माल बैलांच्या पाठीवरून देशावर जाई आणि घाट चढून गेले की जुन्नर लागे. जुन्नरला कागदी लोकांची वस्ती होती, आणि त्यांचा मुख्य कच्चा माल म्हणजे जुने गोणपाट! माल वाहून वाहून झिजलेल्या गोण्यांचे तुकडे करायचे, ते पाण्यात भिजवायचे, चुनखडी आणि खार घालून मुरवायचे, कुटायचे, नदीत धुवायचे आणि पुन्हा कुटायचे. लगदा लोण्यासारखा झाला म्हणजे तो हौदातल्या पाण्यात कालवून गवताच्या बारीक चाळणीवर एकेक ताव उचलायचा. तो भिंतीवर वाळवायचा, त्याला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. असा कागद पेशवाईत दफ्तरांना लागत असे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल सोडून ज्या कागदांवरून आम्ही लढाया आणि तह वाचतो, त्यांतले कित्येक एके काळी कोणाच्या तरी बैलाच्या पाठीवर गोणी होऊन घाट चढले असतील! ही विद्या पुढे गिरण्यांच्या कागदाने मागे पडली. तिला पुन्हा जीव यावा म्हणून पुण्यात १९४० साली हातकागद संस्था निघाली, तीही सुती चिंध्यांपासूनच कागद करू लागली.

यावरून कोणी असे समजू नये की काटकसरीचा हा गुण आपल्याच मातीत उगवला. इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने १८१३ च्या सुमारास जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, नव्या लोकरीत मिसळून कापड विणले आणि त्या धंद्यावर गावेच्या गावे जगली. सगळीकडे नियम एकच होता: टाकलेल्या वस्तूला कोणी तरी घेणारा होता. लुगड्याला बोहारीण, मोडीला तांबट, गोणीला कागदी आणि सालीला गाय. जिला घेणारा आहे ती वस्तू कचरा होत नाही.

पण जुन्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. घेणाऱ्यांपैकी काहींना आपण दाम दिला आणि काहींना नुसती वेठ दिली. मेलेले जनावर ओढून नेणे, त्याचे कातडे काढणे, गाव झाडणे ही कामे ज्यांच्या माथी जन्माने मारली होती, त्यांच्या कातड्याची मोट विहिरीवर चाले, वहाणा पाटलाच्या पायात असत. आणि तो माणूस मात्र वेशीबाहेर. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृत मांस सोडून देण्यास सांगितले, त्यामागे या अपमानाचा हिशेब होता. घाण आपली आणि विटाळ उचलणाऱ्याला, असा तो न्याय. आजही कचरा वेचणाऱ्या बाईकडे पाहून आपण नाक मुरडतो, तेव्हा तोच न्याय चालवीत असतो.

आता ती बैलाची हकीकत.

नव्या वस्तूही सुरुवातीला जुन्या रिवाजात सहज सामावून गेल्या होत्या. रॉकेलच्या डब्याची बादली झाली, पत्रा उघडून छपराला लागला. १९३७ साली डालडा निघाले. त्याचे डबे पुढे घरोघर डाळी-तांदळाला नि तुळशीच्या रोपाला उपयोगी पडले. मग प्लॅस्टिक आले. १९६५ साली स्वीडनमधल्या एका कंपनीने आज सर्वांच्या हाती असते तसल्या पिशवीचे पेटंट घेतले आणि वीस-पंचवीस वर्षांत ती पिशवी आमच्या आजोळच्या ओसरीपर्यंत येऊन पोहोचली. हलकी, फुकट आणि पाण्याला दाद न देणारी! मामींना ती फार आवडली. पूर्वी सुपात घालून गोठ्यात नेत ती साले आता पिशवीत भरून, गाठ मारून उकिरड्यावर फेकली जाऊ लागली. एवढाच काय तो बदल. कोणाच्या ध्यानातही आला नाही.

मामाने म्हशाच्या जत्रेतून एक पांढरा खोंड आणला होता. चार वर्षे त्याने नांगर ओढला. एका उन्हाळ्यात तो खाईनासा झाला, पोट फुगले, रवंथ थांबली. ढोरांचा डॉक्टर येईपर्यंत त्याने मान टाकली. कारण कळावे म्हणून पोट फाडले तेव्हा आतून पिशव्यांचा एक गोळा निघाला, हातभर लांब, दोरखंडासारखा पिळलेला. सालांच्या वासाने त्याने पिशव्या गाठीसकट गिळल्या होत्या. त्यातल्या काही आमच्याच घरातल्या होत्या. मामा काही बोलला नाही. आजी मात्र म्हणाली, "उकिरड्यानं कधी कुणाला मारलं नव्हतं गं." त्या दिवशी मला पणतीचा अर्थ कळला.

उकिरड्यात काय बिघडले होते? कुजणारे आणि न कुजणारे एका गाठीत बांधले गेले होते. पुनर्वापराचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे, आणि शहरांचे दुखणेही तेच. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला पडत आला. त्याचा डोंगर झाला आणि जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा शहरभर धूर पसरला. ओला कचरा कोंडून, हवेवाचून कुजला की त्यातून जळणारा वायू सुटतो. वर कागद आणि प्लॅस्टिकचे सरपण असतेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा पाण्याची वाट अडवणाऱ्यांत पिशव्याही होत्या. पुढे २०१८ साली महाराष्ट्र सरकारने अशा पिशव्यांवर बंदी घातली. बंदी कागदावर उतरायला एक दिवस लागतो, हातातून पिशवी सुटायला पिढी लागते.

उपाय मात्र घरचाच आहे आणि सोपा आहे. ओले वेगळे ठेवावे. १९३१ साली आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांनी इंदूरच्या प्रयोगांवर पुस्तक लिहून कंपोस्टची रीत जगापुढे मांडली. तिचे मर्म असे: कोरडा पाला, हिरवा पाला आणि शेण यांचे थर द्यावेत, ओल राखावी, हवा लागू द्यावी आणि ढीग मधूनमधून वर-खाली करावा. तीनेक महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत तयार होते. शहरातल्या गच्चीवर भोके पाडलेल्या माठातही हे साधते. वास आला तर ओल जास्त झाली असे समजून मूठभर सुका पाला टाकावा.

सुके वेगळे आणि स्वच्छ ठेवावे. काच आणि धातू कितीदाही वितळवावे, त्यांचा कस जात नाही. ॲल्युमिनियम खनिजापासून काढायला जेवढी शक्ती खर्च होते, तिच्या विसाव्या हिश्शात जुने ॲल्युमिनियम पुन्हा वापरात येते. कागदाची गोष्ट लुगड्यासारखी. दर खेपेला त्याचे तंतू आखूड होतात, म्हणून तो पायरी पायरीने उतरतो आणि शेवटी पुठ्ठा होतो. पण रस्सा सांडलेला कागद कोणी घेत नाही, आणि तो चांगल्या रद्दीतही बिघाड करतो. निकामी सेल, फुटक्या नळ्या, सुया आणि जुनी औषधे यांची पुडी तिसरीकडे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी हे वेगळे करण्याची जबाबदारी प्रत्येक घरावर टाकली, म्हणजे आजीचे सूप आणि पोतेरेच कायद्यात आणून बसवले!

आणि घेणारा? तोही आहे. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कचरा वेचणाऱ्या माणसांनी, त्यात बहुतेक बायकाच, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. महानगरपालिकेने त्यांना ओळखपत्रे दिली. २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था शहरात दारोदार जाऊन कचरा गोळा करू लागली. जुन्या गावगाड्याला जे साधले नव्हते, ते येथे थोडेफार साधले. घेणाऱ्याला नाव मिळाले आणि कामाचा दाम मिळाला. त्या बाईच्या हातात आपण सडक्या भाजीत कालवलेली काच देतो, की पुसून ठेवलेली बाटली देतो, हे मात्र आपल्या स्वयंपाकघरात ठरते.

उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनी फिटते, अशी आपली म्हण आहे. आपल्या उकिरड्याची दैना आपणच केली. तेव्हा ती फिटायला बारा वर्षे वाट पाहण्याचे कारण नाही. आजी आता नाही. आजोळचा उकिरडा आहे, आणि बैल गेल्यापासून त्यावर पिशवी पडू द्यायची नाही, असा मामींचा दंडक आहे. यंदाही फराळाची ताटे वाटून झाली की त्या तिकडे एक पणती ठेवायला जातील. शहरात आपल्याला उकिरडा नाही. पण लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहून झाले की, स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात दोन डबे मांडायला काय हरकत आहे? एक ओल्याचा, एक सुक्याचा.