अद्भुतकथाकाराचे चरित्र आणि सांगलीचे ऋण

ज्या लेखकाने स्वतःच्या आयुष्याभोवती जन्मभर कुंपण राखले, त्याचे चरित्र कोणी लिहावे आणि कशाच्या आधारावर? सभासंमेलनांपासून दूर राहून धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकविणारे, काळ्या चष्म्याआड वावरणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांच्याविषयीची पुस्तके चाळताना हा प्रश्न आम्हांस पुनःपुन्हा पडतो. ‘सांजशकुन’ आणि ‘रमलखुणा’ (दोन्ही १९७५) यांतील अनाम प्रदेश, नियतीच्या वाटेने निघालेले प्रवासी, ‘इस्किलार’सारख्या कथेतील परके जग हे सर्व ज्याच्या मनात जन्मले, तो गृहस्थ स्वतः कसा होता, हे जाणण्याची वाचकाची जिज्ञासा आम्ही क्षुद्र मानीत नाही.

या जिज्ञासेची जी काही तृप्ती झाली, तिचे पुष्कळसे श्रेय सांगलीकडे जाते. हा जिल्हा मुळी साताऱ्याचेच अपत्य. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने तो निराळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. सांगली-मिरज यांच्या मध्यावर १९१९ साली स्थापन झालेल्या विलिंग्डन महाविद्यालयातील इंग्रजीचे प्राध्यापक म. द. हातकणंगलेकर हे जी. ए. यांचे स्नेही होते. जी. ए. यांच्या निधनानंतर ‘जी.एंची निवडक पत्रे’ चार खंडांत निघाली. त्यांच्या संपादनात श्री. पु. भागवतांसह हातकणंगलेकरांचा हात होता. पहिला खंड सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे.

पण ज्याने आयुष्यात एवढा आडपडदा ठेवला, त्याची खासगी पत्रे छापावीत काय? हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. ‘काजळमाया’स मिळालेले १९७३ सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक, पुस्तकाच्या प्रकाशनकालाविषयी वाद उठताच ज्याने परत केले, त्याच्या मानी स्वभावाला हे रुचले असते की नाही, याचा निर्णय आज कोण देणार? तथापि पत्रे वाचल्यावर आमचे मत प्रकाशनाच्या बाजूस झुकले. कारण त्यांत चव्हाट्यावर आणण्याजोगे गुपित फारसे नाहीच. आहे ते वाचनाचे वेड, चित्रकलेची ओढ, बेळगावच्या बालपणाची ओढाताण, मृत्यूविषयीचे सततचे चिंतन आणि मधूनच उसळणारा खट्याळ विनोद. त्यांच्या कथांमधून ज्यांना केवळ काळोख दिसला होता, त्यांना हा विनोद चकित करील.

एक अपाय मात्र झाला. पत्रांत एखादी आठवण सापडली की ती कथेतील अमुक पात्राशी जोडून द्यायची, असा छंद काही अभ्यासकांस जडला. ‘पिंगळावेळ’मधील ‘स्वामी’ ही कथा कोणत्या पत्रातून उकलणार? ज्या कथेत सारे वास्तवच कल्पनेच्या मुशीत वितळले, तेथे मूळ घराचा पत्ता विचारण्यात अर्थ नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खुद्द जी. ए. यांनी ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’ या मृत्यूनंतर १९८८ साली निघालेल्या पुस्तकात आपल्याविषयी लिहिण्याचे निमित्त करून बहुतेक इतरांविषयीच लिहिले. उणीव भरून काढली ती नंदा पैठणकर यांच्या ‘प्रिय बाबुआण्णा’ने. घरातील जी. ए. तेथे भेटतात, आणि बहिणीच्या लेखणीला शोभणारा संयमही. सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने २००३ साली निघाली, तेव्हा कुठे एकतर्फी ऐकू येणाऱ्या त्या संवादाला दुसरा आवाज मिळाला.

हातकणंगलेकरांनी पुढे ‘उघडझाप’ हे आपले आत्मकथन लिहिले. २००८ साली सांगलीतच भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मित्राने टाळलेल्या व्यासपीठावर त्यांना आपल्याच गावात मान मिळाला, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.