सनई (तळटीप)

कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या चैत्री यात्रेच्या वर्णनात येणारी सनई हे दुहेरी पत्तीचे, निमुळत्या लाकडी नळीचे सुषिर वाद्य, म्हणजे फुंकरीने वाजणारे वाद्य होय; तिची पत्ती ओठांत धरतात आणि खालच्या टोकाला रुंद तोंडाचा पितळी कर्णा असतो. जोडीदार दुसऱ्या सनईवर केवळ षड्ज धरून राहतो, त्याला ‘सूर’ म्हणतात. गालांत हवा साठवून वाजवतानाच नाकाने श्वास घेतल्यामुळे हा सूर तुटत नाही, आणि लोणावळ्याच्या घाटमाथ्यासारख्या मोकळ्या जागी तो दूरवर पोहोचतो. याच कुळातील शॉम हे वाद्य प्रबोधनकाळात युरोपच्या नगरचौकांत वाजे व सतराव्या शतकात त्यातून ओबो घडला. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात तर त्याच जातीच्या बोंबार्डला विसाव्या शतकात बॅगपाइप व ढोल यांच्या लोकवाद्यपथकांनी नवे आयुष्य दिले. महाराष्ट्रात शंकरराव गायकवाडांसारख्या वादकांनी सनईवर रागसंगीत मांडले, पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत सनई-चौघड्याचा मान अजून टिकून आहे; परंतु लग्नमंडपात ध्वनिमुद्रित सनईवर भागवले जाते तेथे वादकाचे पोट आणि सूर धरायला शिकणारा जोडीदार दोन्ही जातात, ही हानी मोठी आहे.