गाव कुठलं?

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत नवा माणूस राहायला आला, की शेजारी पहिला प्रश्न विचारतात, 'गाव कुठलं?' नोकरी इथली, रेशनकार्ड इथलं. पण गाव वेगळं, याचं कुणालाच नवल वाटत नाही. मात्र गावाच्या जागी 'देश' आला, की याच प्रश्नाला धार येते. मुसलमान म्हणून ती धार मला ठाऊक आहे. त्यामुळेच आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचा इतिहास मला जवळचा वाटतो.

आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून आले, अशी या ज्यू समाजाची परंपरागत समजूत आहे. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली : पेणकर, किहीमकर, दिवेकर. घरात मराठी. प्रार्थनास्थळाला तर ते 'मशीद'च म्हणत! सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ १७९६ मध्ये बांधलं. याच समाजातले डॉ. ई. मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर झाले.

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि हजारो बेने इस्रायली तिकडे गेले. इथं छळ झाला म्हणून नव्हे. ज्या भूमीचं नाव पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत घेतलं, तिची ओढ होती. पण तिथं काय घडलं? हिब्रूत भारतीयाला 'होदी' म्हणतात. तीच त्यांची ओळख ठरली. भेदभावाला कंटाळून काहींनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं, भारतात परत पाठवण्याची मागणी केली आणि १९५२ मध्ये एक तुकडी खरोखरच परत आली. पुढं त्यांतले बरेच जण पुन्हा इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठानं फर्मान काढलं : बेने इस्रायलींशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा. समाज रस्त्यावर उतरला. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायली संसदेनं ठराव करून त्यांना सर्वार्थानं ज्यू मानलं.

याच काळात दोन्ही सरकारांमध्ये मोठं अंतर होतं. भारतानं इस्रायलला १९५० मध्ये मान्यता दिली. पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला मात्र १९९२ साल उजाडलं. मधली चार दशकं नातं टिकवलं ते माणसांनी. दिमोना, अश्दोदच्या घरांत मराठी बोलली जात राहिली. पुढं तिथून 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही निघू लागलं. भारताच्या पंतप्रधानांनी २०१७ मध्ये तेल अवीवच्या सभेत त्याचा उल्लेख केला. इस्रायली लष्करात सक्तीची सेवा केलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही 'ओसीआय' कार्ड देण्याची घोषणा त्यांनी तिथंच केली. परक्या सैन्यातली सेवा तोवर या कार्डाच्या आड येत होती. जे ज्यू इथंच राहिले, त्यांना महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला.

इस्रायल आमची पितृभूमी आणि भारत मातृभूमी, असं हे लोक सांगतात. सासरी नांदणाऱ्या लेकीला माहेर आठवलं, तर तिच्या संसारावर कुणी शंका घेत नाही. मग देशांच्या बाबतीतच आपण माणसाकडे एकाच उत्तराचा हट्ट का धरतो? हा प्रश्न फक्त बेने इस्रायलींपुरता नाही.