किर्द आणि खतावणी

दिवाळीत पेढीवर वह्यांची पूजा होते. त्यांत मानाच्या वह्या दोन: किर्द आणि खतावणी. किर्दीत व्यवहार घडेल तसा तारीखवार टिपायचा, खतावणीत तोच ज्याच्या त्याच्या नावावर चढवायचा. किर्द लिहिणे त्या मानाने सोपे. खतावणीत मात्र नाव चुकले की एकाचे देणे दुसऱ्याच्या माथी बसते. वाचकहो, संगणकाच्या पोटातही अशाच दोन वह्या ठेवाव्या लागतात, आणि तेथेही खरी कसोटी खतावणीचीच असते. तिची हकीगत मोठी मनोरंजक आहे.

ह्या वह्यांत हिशेब असतो तो वेळेचा. संगणक मंदावला की दोष कोणाचा, हा प्रश्न येतो, आणि जाणकारांचाही अंदाज येथे हमखास फसतो. डोनाल्ड नूथ ह्या संगणकशास्त्रज्ञाने १९७१ साली पुष्कळसे फोरट्रान प्रोग्राम तपासून दाखवून दिले की प्रोग्रामचा ४ टक्क्यांहूनही कमी भाग निम्म्याहून अधिक वेळ खाऊन टाकतो. तो भाग कोणता, हे मोजल्यावाचून कळत नाही. १९८२ साली बर्कले विद्यापीठातील ग्रॅहॅम, केसलर आणि मॅक्युसिक ह्या त्रयीने 'जीप्रोफ' नावाचे मोजमापाचे साधन प्रसिद्ध केले. पुढे मॅक्युसिक ह्यांनी ते प्रत्यक्ष कार्यप्रणालीच्या गाभ्यालाच लावले.

हा गाभा म्हणजे कर्नल. घरातील कर्त्या माणसासारखा तो सर्वांची कामे वाटून देतो आणि स्वतः क्वचितच दिसतो. त्याचा वेळ मोजण्याची रीत सोपी आहे. घड्याळाचा टोला पडला की त्या क्षणी संगणक कोणत्या पत्त्यावरील हुकूम पाळत होता, तेवढे टिपून ठेवायचे. जुन्या लिनक्सवर साध्या संगणकात असे टोले सेकंदाला १०० पडत. ही झाली किर्द. मग नकाशा उघडून कोणता पत्ता कोणत्या कामाचा ते पाहायचे, ही खतावणी. गाभा एकदा बांधला की त्याचे पत्ते तेव्हा ठरलेले असत. त्यामुळे नकाशाही एकदाच काढून चालत असे.

पण १९९५ च्या सुमारास लिनक्समध्ये मॉड्यूल रूढ झाले आणि हे स्वास्थ्य संपले. मॉड्यूल म्हणजे चालू गाभ्यात ऐनवेळी येऊन बसणारा पाहुणा. छपाईयंत्र जोडले, नवी तबकडी बसवली, की तिचे काम जाणणारा तुकडा आत येतो; काम संपले की जाऊ शकतो. तो कोणत्या खोलीत उतरेल हे आधी ठाऊक नसते. बांधणीच्या वेळच्या नकाशात त्याचे नाव कोठून असणार? जुन्या मोजणीत तर नकाशाबाहेरचे सारे पत्ते शेवटच्या रकान्यात टाकून देत. पेढीच्या भाषेत हे उचंत खाते! तेथे आकडा फुगला की कोणीतरी पाहुणा वेळ खातो आहे एवढे कळे. कोणता, ते कळत नसे.

नुसत्या नावानेही भागत नाही. पत्रावर केवळ 'शिरूर' लिहा, आणि पोस्टमनची पंचाईत पाहा. एक शिरूर पुणे जिल्ह्यात, एक शिरूर कासार बीडकडे, आणि एकट्या लातूर जिल्ह्यात शिरूर ताजबंद व शिरूर अनंतपाळ अशी दोन. 'अनंतपाळ' हे शेपूट जोडले तेव्हाच पत्र ठिकाणी पोचते. मॉड्यूलांतही एकाच नावाची अनेक कामे असतात. म्हणून लिनक्सच्या यादीत कामाच्या नावापुढे चौकोनी कंसात मॉड्यूलचे नाव देतात. तारखेचेही तसेच आहे. निलंगा-उदगीरचा मुलूख १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता, नंतर उस्मानाबादेत (आताचे धाराशिव), आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात. गावे जागची हलली नाहीत, पत्ता मात्र पालटला. कागदावर साल नसेल तर जुन्या पत्त्याचा उलगडा होत नाही. गाभ्यात ह्याच्या उलट घडते: पत्ता तोच राहतो आणि आतील बिऱ्हाड बदलते.

जॉन लेव्हन ह्यांच्या 'ओप्रोफाइल'ने ह्यावर तोड काढली. २००२ साली तो लिनक्समध्ये सामील झाला. नवे मॉड्यूल येताच त्याच्या किर्दीतच खूण पडे: येथून पुढे यादी पुन्हा पाहा. ही खूण नसती तर नव्या पाहुण्याचा वेळ आधीच्या बिऱ्हाडाच्या नावावर चढला असता, किंवा वाऱ्यावर गेला असता. शिवाय घड्याळाचा टोला गाभा थोडा वेळ कानाआड करू शकतो. म्हणून ओप्रोफाइल जेथे सोय असेल तेथे कोणालाही थोपवता न येणारी हाक वापरी.

पत्त्याचा हा पेच आपल्या पुण्यातही सुटत होता, जरा निराळ्या कामासाठी. 'केजीडीबी' हे साधन गाभ्याचा वेळ मोजत नाही. ते त्याला मध्येच थांबवून आत डोकावू देते. एका संगणकावर रोगी, दुसऱ्यावर वैद्य, आणि मध्ये तार! मुळात इतरांनी आरंभलेले हे काम पुण्याच्या अमित काळे ह्यांनी ह्या शतकाच्या प्रारंभी काही वर्षे नेटाने सांभाळले. मॉड्यूल रोग्याकडे चढवून त्याचे कोणते अंग कोणत्या पत्त्यावर उतरले हे वैद्याला कळवणारी छोटी लिपीही त्या साधनाबरोबर मिळे. २००८ साली केजीडीबी मूळ लिनक्समध्ये गेले, आणि त्याच्या मुख्य फाइलीच्या माथ्यावर काळे ह्यांचे नाव आहे.

२००९ साली 'पर्फ' आले, आणि २०२१ साली ओप्रोफाइलचा गाभ्यातील भाग निवृत्त झाला. मधल्या काळात पाहुणे अधिकच चपळ झाले. बीपीएफ नावाचे चिमुकले प्रोग्राम गाभ्यातच जागच्या जागी यंत्रभाषेत उतरतात आणि निघूनही जातात. तबकडीवर त्यांची फाइलसुद्धा नसते. म्हणून २०१९ पासून त्यांचे येणे, जाणे, नाव आणि पत्ता ह्यांची नोंद पर्फच्या किर्दीत होऊ लागली.

एवढा खटाटोप कशासाठी? एखाद्या बँकेचा वा इस्पितळाचा संगणक खोळंबला, तर बाहेर माणसे ताटकळत असतात. खतावणी चुकली की निर्दोष भागाची दुरुस्ती होते आणि दोषी मॉड्यूल तसेच वेळ खात बसते. रांग काही हलत नाही. मोजणे ही अर्धी विद्या झाली. मोजलेले योग्य खात्यावर चढवणे ही उरलेली अर्धी, आणि ती आपल्या पेढीवरचा जुना दिवाणजी फार पूर्वीपासून जाणत होता.