सरपण भरपूर, पण धुराडे बंद

आपले हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. या कामाला ऊर्जा पुरवणारे रसायन म्हणजे एटीपी. पण हृत्स्नायूत एका वेळी जेवढे एटीपी असते, ते काही सेकंदांतच संपेल. म्हणून ते सतत नव्याने बनवावे लागते. त्यासाठी स्नायूत दोन साठे असतात. पहिला क्रिएटिन फॉस्फेटचा. हे संयुग १९२७ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के आणि आंध्रातून तिकडे गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ओळखले. हा साठा फार थोडा वेळ पुरतो. दुसरा साठा ग्लायकोजेनचा. प्राणवायू नसतानाही त्यापासून थोडे एटीपी मिळू शकते.

मग प्रश्न येतो : रोहिणी बंद होऊन हृदयाचा रक्तपुरवठा तुटला, तर ज्या हृदयात ग्लायकोजेन जास्त, ते अधिक चांगले सावरेल का? वर्गात विचारला तर विद्यार्थी 'होय' म्हणतील. संशोधकांनाही तसेच वाटत होते.

१९७० साली शॉयर आणि स्टेझोस्की यांनी उंदरांच्या हृदयांवर प्रयोग केले. प्राणवायू तोडला असता ग्लायकोजेनने समृद्ध हृदये अधिक तग धरतात, असे त्यांना दिसले. प्रश्न सुटला असे वाटले. पण १९८४ साली नीली आणि ग्रोटियोहान यांना नेमके उलटे आढळले. ग्लायकोजेन आधीच खर्ची पडलेली हृदये रक्तप्रवाह थांबवल्यानंतर अधिक चांगली सावरली!

यांतले चूक कोण? दोघेही नाहीत. पहिल्या प्रयोगात प्राणवायू नव्हता, पण द्रवाचा प्रवाह चालू होता. दुसऱ्यात प्रवाहच थांबवला होता. ग्लायकोजेनपासून प्राणवायूविना ऊर्जा काढताना लॅक्टिक आम्ल तयार होते. प्रवाह चालू असेल तर ते वाहून जाते, थांबला तर पेशींतच साचते. बंद खोलीतल्या चुलीसारखेच हे. सरपण भरपूर असले आणि धुराडे बंद असले, तर घरातल्यांचा जीव गुदमरतो.

गोष्ट इथेही संपली नाही. उपाशी ठेवलेल्या उंदरांच्या हृदयात ग्लायकोजेन घटत नाही, उलट वाढते. १९९१ साली श्नायडर आणि टेग्टमेयर यांनी दाखवले, की प्रवाह थोडाच वेळ थांबवला तर अशा हृदयांतील पेशींची हानी लांबते. म्हणजे किती वेळ, हेही महत्त्वाचे.

त्याआधी १९८६ साली मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांची रोहिणी आधी चार वेळा पाच-पाच मिनिटे आणि मग सलग ४० मिनिटे बंद ठेवली. आधीच्या छोट्या खंडांमुळे मृत स्नायूचा भाग एरवीच्या सुमारे चतुर्थांशावर आला. अशा हृदयांत पुढे एटीपीही सावकाश खर्च होते आणि आम्लही हळू साचते. मात्र या संरक्षणात ॲडेनोसिनसारख्या रसायनांचे संदेशही सामील असतात, हे नंतर कळले. केवळ साठ्याच्या हिशेबाने सारे उलगडत नाही.

शिक्षकांनी यातून एक गोष्ट वर्गात जरूर सांगावी. 'प्राणवायू नाही' आणि 'रक्त पोचत नाही' या दोन स्थिती एक नव्हेत. रक्त प्राणवायू आणते, तसा कचराही नेते. म्हणूनच हृदयविकाराच्या झटक्यात बंद रोहिणी लवकर उघडण्याला पर्याय नाही. छातीत कळ आली की 'थोडे पडून राहू, बरे वाटेल' असे म्हणत घालवलेला वेळ कोणताही साठा भरून काढत नाही.